माळाला पडीक म्हणू नका



ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "ती जमीन पडीकच हाय की, द्या कशाला तरी!" मग कुणी म्हणतं झाडं लावू, कुणी म्हणतं सोलरला देऊ, कुणी म्हणतं जेसीबी लावून सपाट करू. सातबाऱ्यावर 'पडीक' आणि 'पोटखराब' असे शब्द लिहिलेले असतात. सरकारी नकाशांतही माळरानाची गणना बहुतेक वेळा ओसाड जमिनीतच होते. ऐकून ऐकून आपल्यालाही ते खरं वाटू लागलं आहे.

पण हा माळ खरोखर पडीक आहे का? आणि पाऊसपाणी असं बेभरवशाचं झालेलं असताना त्याची किंमत वाढली की कमी झाली? आज याच दोन प्रश्नांवर थोडं बोलू. माळावरच्या जनावरांचं बोलता बोलता आपल्या गोठ्यातल्या जनावरांचंही बोलणं होईल, कारण दोघांचं पोट एकाच गवतावर आहे.

माळावर राहतं कोण?

सोलापूर जिल्ह्यातला बार्शी, मोहोळ, करमाळ्याचा पट्टा घ्या, शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला कर्जतचा घ्या, नाहीतर धाराशिवकडचा घ्या. हा सगळा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचा मुलूख. हलकी, मुरमाड जमीन, वीतभर मातीखाली खडक. इथं निसर्गाने घनदाट जंगल दिलं नाही, गवत दिलं. पवन्या, मारवेल, डोंगरी, शेडा, कुसळी ही आपली गवतं. मधून एखादी बोर, एखादी हिवर, एखादी बाभळ. हेच इथलं जंगल.

या गवतात काळवीट आणि चिंकारा चरतात. खोकड बीळ करून राहतं आणि शेतातले उंदीर खातं. लांडगा माळावर फिरतो आणि ओढ्याकाठच्या बिळात पिल्लं घालतो. तितर, लावे, चंडोल, टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात. त्यांना झाड लागत नाही, गवताचा आडोसा लागतो. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य खास काळविटांसाठी आहे, हे तुम्हांला ठाऊकच असेल. पण काळविटाला अभयारण्याची हद्द कळत नाही. त्याचं निम्मं आयुष्य आपल्याच गायरानात, बांधावर आणि पिकात जातं.

थोडक्यात, वाघासाठी जसं ताडोबा, तसा या जिवांसाठी माळ. फरक एवढाच की ताडोबाला कुणी पडीक म्हणत नाही.

पाऊस बदलला म्हणजे काय बदललं?

दुष्काळ आपल्याला नवा नाही. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांच्या अजून तोंडी आहे. पण अलीकडच्या काही वर्षांकडे बघा. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ मध्ये दुष्काळ. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट, त्यात उभी पिकं झोपली आणि पाखरंही मेली. ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टी होऊन पंढरपूर भागात पाणी शिरलं. २०२५ साली तर मे महिन्यातच पावसाळा लागल्यासारखं झालं आणि सप्टेंबरात सीनेला महापूर आला. म्हणजे एकाच मुलखात कधी टँकर, तर कधी होडी.

यामागचं कारण शास्त्रज्ञांनी स्पष्ट सांगितलं आहे. कोळसा आणि तेल जाळून पृथ्वीचं सरासरी तापमान दीडशे वर्षांपूर्वीच्या मानाने एक अंशाहून जास्त वाढलं आहे. तापलेली हवा जास्त बाष्प धरून ठेवते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. त्यामुळे पावसाची बेरीज फारशी बदलली नाही तरी पडण्याची तऱ्हा बदलते. चार दिवसांत महिन्याचा पाऊस आणि नंतर महिनाभर उघडीप.

याचा माळावर काय परिणाम होतो, तो नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट गवताची. पावसाला लांब खंड पडला की गवत बी धरण्याआधीच वाळतं. बी पडलं नाही तर पुढच्या वर्षी गवत विरळ होतं. विरळ गवतावर तेवढीच जनावरं चरली की माती उघडी पडते, आणि पुढच्या ढगफुटीत ती ओढ्याला जाते.

दुसरी गोष्ट अवकाळीची. काढून ठेवलेला कडबा अवकाळी पावसात भिजला की काळा पडतो आणि जनावर त्याला तोंड लावत नाही. हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. माळावरच्या वाळल्या गवताचंही तसंच होतं. उन्हाळ्यासाठी उभं राहिलेलं गवत कुजतं, त्यातला कस जातो. कडब्याच्या गंजीवर आपण ताडपत्री टाकतो. हरणाच्या गवतावर कोण टाकणार?

तिसरी गोष्ट पिल्लांची. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांचा काळ पावसाच्या अंदाजाने ठरलेला असतो. तो अंदाज चुकला की घरटं पाण्यात जातं. लांडग्याची पिल्लं ओढ्याकाठच्या बिळात असतात, तिथंही अवेळी पाणी शिरतं.

चौथी गोष्ट पाण्याची. ऊन वाढलं आणि ओढे लवकर आटले, की रानातलं जनावर पाण्याच्या शोधात विहिरीवर, शेततळ्यावर आणि वस्तीवर येतं. मग ते विहिरीत पडतं किंवा कुत्र्यांच्या तावडीत सापडतं, आणि दोष दिला जातो जनावराला.

माळढोकाने शिकवलेला धडा

आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर ज्या पाखराने नेलं तो माळढोक. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पाखरांत इतकी वजनदार पाखरं जगात थोडीच आहेत. नाकतोडे आणि भुंगेरे खाणारा, म्हणजे शेतकऱ्याचा बिनपगारी फवारणीवाला. मादी बहुधा एका हंगामात एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि जवळजवळ चार आठवडे त्यावर बसते. ते एक अंडं शेळीच्या पायाखाली आलं, कुत्र्याने खाल्लं किंवा पाण्यात गेलं, की त्या मादीचं ते वर्ष वाया.

नान्नजच्या माळावर हे पाखरू टिकून होतं. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून अभयारण्य जाहीर झालं. कागदावर क्षेत्र होतं सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावंच्या गावं, बागायती, रस्ते, बाजारपेठा सगळं आलं. साहजिकच जमिनीचे व्यवहार आणि बांधकामं अडली. लोकांच्या मनात पाखराबद्दल माया राहण्याऐवजी राग बसला. पुढे क्षेत्र कमी करून ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. या सगळ्या वर्षांत ज्वारी, करडई, हुलगा, मटकीच्या जागी ऊस आणि फळबागा आल्या, माळ तुकड्या-तुकड्यांत वाटला गेला, विजेच्या तारा वाढल्या. आज नान्नजला एखादी मादी दिसली तर तिची बातमी होते.

आता देशात मोकळ्या रानातले माळढोक दीडशेच्या आसपास उरल्याचा अंदाज आहे आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला आहेत. तिकडे त्याला गोडावण म्हणतात. तिथल्या सम गावी २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं काम चालू झालं. पण तिथं एक वेगळाच पेच उभा राहिला. तो आपल्यालाही उद्या पडणार आहे, म्हणून सांगतो.

हवामान बिघडू नये म्हणून कोळशाऐवजी सूर्याची आणि वाऱ्याची वीज हवी. ती तयार करायला राजस्थानचं मोकळं रान सोयीचं. पण त्या विजेच्या उंच तारा माळढोकाला समोरून दिसत नाहीत. त्याची नजर बाजूला चांगली, समोर कमी, आणि अंग जड. तार जवळ आल्यावर त्याला वळता येत नाही. धडकून पाखरं मरू लागली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२१ साली न्यायालयाने माळढोकाच्या मुलखातल्या तारा शक्य तिथं जमिनीखालून न्याव्यात असा आदेश दिला. २१ मार्च २०२४ च्या निकालात तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा नागरिकांचा हक्क आहे असंही सांगितलं. म्हणजे एका हाताला पाखरू आणि दुसऱ्या हाताला हवामान, दोन्ही वाचवायचं आहे. एकाच्या नावाखाली दुसऱ्याचा बळी देऊन भागणार नाही.

आपल्याकडेही गायरानावर सौर प्रकल्प येत आहेत. दिवसा वीज मिळावी ही आपलीच जुनी मागणी आहे, रात्री साप-विंचवात दारं धरायची हौस कुणालाच नाही. तेव्हा सोलरला आंधळा विरोध करा असं मी म्हणणार नाही. पण जागा निवडताना गावाने तोंड उघडावं. खाणीची, मुरूम काढलेली, आधीच मोडलेली जागा प्रकल्पाला द्या. चांगल्या गवताचा, हरणांच्या वावराचा तुकडा राखून ठेवा. तारा कुठून जाणार हे सहीच्या आधी विचारा, नंतर नाही.

झाडं लावण्याबाबतही तेच. झाडं लावणं चांगलंच आहे, बांधावर, ओढ्याकाठी, रस्त्याकडेला जरूर लावा. पण चांगल्या गवताळ माळावर खड्डे खणून गिरीपुष्पासारखी दाट झाडी उभी केली, तर खालचं गवत मरतं आणि गवतावर जगणारं सगळं निघून जातं. काही माळांवर हे झालेलं आहे. शिवाय गवत नुसतं वर दिसतं तेवढं नसतं. त्याच्या मुळांचं जाळं माती धरून ठेवतं, पाणी मुरवतं आणि हवेतला कार्बन जमिनीत साठवतं. वरचं गवत जळालं, चरलं गेलं, तरी मुळांतला साठा खालीच राहतो.

"हरणं पोसायची का पोरं?"

आता तुम्ही म्हणाल, "साहेब, सांगायला सोपं हाय. रात्रीत हरणांचा कळप हरभरा साफ करतो. हरणं पोसायची का पोरं?" हा प्रश्न खोटा नाही. ज्याचं पीक गेलं त्याच्यापुढे निसर्गाचं प्रवचन करण्यात अर्थ नाही.

पण थोडा हिशोब करू. हरीण पिकात येतं कधी? माळावर खायला उरत नाही तेव्हा. माळ मोडला म्हणून कळप मेला नाही, तो आपल्या रानात आला. दुसरं म्हणजे, लांडगा आपण हुसकून लावला, मग हरणावर आणि ससा-डुकराच्या पिल्लांवर वचक ठेवणार कोण? आज सबंध देशात लांडगे सुमारे तीन हजार उरले असल्याचा अंदाज आहे, म्हणजे वाघाइतकीच त्याचीही चिंता आहे. मेंढपाळाचं एखादं कोकरू तो नेतो हे खरं. पण त्या कोकराची भरपाई मागता येते. गेलेला लांडगा परत आणता येत नाही.

काळवीट, चिंकारा, लांडगा आणि माळढोक या सर्वांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. कुंपणात थेट लाइनचा करंट सोडणं हा तर गुन्हाच, आणि त्यात आजवर कित्येक ठिकाणी माणसंच मेली आहेत. शेजाऱ्याचं पोर किंवा आपलंच बैल त्या तारेला चिकटलं तर जन्मभर पस्तावायची पाळी येईल. झटका देणारं सौर कुंपण वेगळं. ते मारत नाही, फक्त पळवतं. कोरडवाहू रानाला जुना उपाय अजून चालतो. पिकाभोवती काटेरी करडईच्या चार-पाच ओळी पेरा. आपली आजी-आजोबा हेच करत होते, आणि करडईचं तेल घरचं मिळतं ते वेगळं.

नुकसान झालंच तर गप्प बसू नका. पीक खाल्लं किंवा शेळी-मेंढी मारली, तर त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा, दुसऱ्यावर ढकलू नका. मेलेलं जनावर पंचनामा होईपर्यंत जागचं हलवू नका. सातबारा, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स तयार ठेवा. उशिरा दिलेला अर्ज बहुतेक वेळा तिथंच अडतो.

आपल्या हातात काय आहे?

पाऊस कधी पडावा हे आपल्या हातात नाही. पण खालची कामं गावाच्या आणि शेतकऱ्याच्या हातातली आहेत. त्यांतली बरीचशी फुकट होतात.

१) माळ पेटवू नका. काडी लावली की पावसाळ्यात गवत जोमाने फुटतं हा समज आहे. आगीत वाळलेलं बी, किडे, घरटी, कासवं सगळं जातं, आणि उघड्या जमिनीवरून पहिल्याच वळवाला माती वाहून जाते.

२) चराई आळीपाळीने करा. गायरानाचे तीन भाग पाडा. पावसाळ्यात एक भाग बी पडेपर्यंत पूर्ण बंद ठेवा, पुढच्या वर्षी दुसरा. मेंढपाळ बांधवांना बसवून, त्यांच्याशी बोलून हे ठरवा, नाहीतर ते कागदावर राहील. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळूनच कमी पावसात चारा उभा केला, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

३) गवत कापताना बी गळून गेल्यावर कापा, आणि मध्ये मध्ये दहा-पंधरा फुटांचे पट्टे तसेच उभे सोडा. पाखरांना आडोसा राहतो, पुढच्या साली बी मिळतं. बांधावर मारवेलचे ठोंब लावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याचे चांगले वाण दिले आहेत. बांध बांधला जाईल आणि चाराही मिळेल.

४) विहिरीला कठडा बांधा. पडक्या, वापरात नसलेल्या विहिरीभोवती निदान काटेरी झाप तरी लावा.

५) शेततळ्यात दोर सोडा. २०१६ नंतर गावोगाव शेततळी झाली, ही चांगली गोष्ट झाली. पण प्लॅस्टिकचा कागद निसरडा असतो. पाणी प्यायला उतरलेलं हरीण, खोकड, कुत्रं वर येऊ शकत नाही आणि बुडून मरतं. माणसांची लेकरंही अशीच गेली आहेत. म्हणून तळ्याला कुंपण घाला, आणि चारही बाजूंना जाड काथ्याची जाळी किंवा जुने टायर दोराला बांधून पाण्यापर्यंत सोडा. खर्च थोडा, जीव मात्र दोघांचा वाचतो, जनावराचाही आणि माणसाचाही.

६) उन्हाळ्यात पाणवठा करा, पण बशीसारखा उथळ. खोल टाकी नको, लहान जीव आत पडून मरतो. मध्ये एखादा दगड ठेवा. जागा पिकापासून आणि वस्तीपासून लांब, माळाच्या पोटात असावी. आठवड्याला घासून पाणी बदला, नाहीतर त्यातूनच रोग पसरतो.

७) मेलेल्या जनावरावर विषारी औषध टाकून लांडगा मारायचा प्रयत्न करू नका. त्यात घारी, कुत्री, खोकडं सगळी मरतात आणि टाकणारा गुन्ह्यात अडकतो.

८) मेलेली जनावरं आणि कोंबड्यांची घाण गावाबाहेर उघड्यावर फेकू नका, खड्ड्यात पुरा. त्यावर मोकाट कुत्री पोसली जातात. तीच पुढं हरणाची पाडसं आणि तुमच्या शेळ्या फाडतात, आणि लांडग्यांत रोग पसरवतात. पुण्याच्या भागात तर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याची नोंदही झाली आहे. गावातल्या कुत्र्यांना लस टोचून घ्या.

९) विहिरीत पडलेलं किंवा जखमी जनावर दिसलं तर गर्दी करू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

येत्या ग्रामसभेत काय कराल?

या यादीतली वैयक्तिक कामं ज्याने त्याने करावीत. पण माळ हा कुणा एकट्याचा नाही, म्हणून त्याचा निर्णय चारचौघांत झाला पाहिजे. येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडा: 'गावच्या गायरानातला अमुक गटातला गवताळ भाग गवतासाठी राखीव ठेवण्यात येत आहे. तिथं नांगरट, मुरूम उपसा व दाट वृक्षलागवड केली जाणार नाही, आणि चराई आळीपाळीने होईल.' गटनंबर घाला, सह्या घ्या, एक प्रत तहसीलला आणि एक वनविभागाला द्या, पोच घ्यायला विसरू नका. नुसतं तोंडी ठरलेलं दुसऱ्या निवडणुकीपर्यंत टिकत नाही.

अभयारण्य वरून आलं तेव्हा काय झालं ते आपण पाहिलं. क्षेत्र मोठं होतं, कायदा कडक होता, पण गाव सोबत नव्हतं, आणि पाखरू हातचं गेलं. आता जे काळवीट, जी खोकडं, जे लांडगे उरले आहेत ते कोणाच्या आदेशाने नव्हे, गावाच्या मनाने राहतील.

आणि पुढच्या दुष्काळात, जेव्हा कडब्याची पेंढी परवडेनाशी होईल आणि चारा छावणीच्या रांगेत उभं राहायची वेळ येईल, तेव्हा राखलेल्या माळावरचं वाळलं गवत हरणालाही पुरेल आणि तुमच्या दावणीलाही. दुष्काळ पुन्हा येणार आहे, तो कधी येतो एवढंच ठाऊक नाही. त्याआधी एक पावसाळा तरी माळाला द्या.